अक्का वळायची तो कोपरा

गुरुवारी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कट्टा हलवला. भटजी आले, क्रेन आली. भटजींनी मंत्र म्हटले, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, कामगारांनी नागाचे दगड उचलून ट्रकमध्ये ठेवले. ट्रक पलीकडच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गेला. तिथे नवा कट्टा बांधून झाला होता. दगड तिथे बसवले. दुपारी गल्लीत जेवण झालं. अक्का जेवली, मी जेवलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कानडी, अशात वाढलो. ती माझ्याआधी बेंगळूरला आली, बनशंकरीतल्या एका शाळेत गणित शिकवायला. मी मागाहून आलो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. तिनं लग्न केलं नाही. माझी बायको लवकर गेली, मूल नव्हतं. मग आम्ही दोघं एकाच घरात राहिलो. ती मला शेवटपर्यंत तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात ते. मराठी बोलताना मध्येच हा एक शब्द कानडी, आणि आम्हा दोघांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

गल्लीत तिला सगळे ‘मिस’ म्हणत. अर्धी गल्ली तिच्या हाताखालून गेलेली. आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष तिचेच विद्यार्थी. केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण अक्का दिसली की खुर्चीतून उठून उभे राहायचे. गणितात ते कच्चे होते. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, कारण अक्का ते विसरू देत नसे.

मग ती स्वतःच विसरायला लागली. आधी घराचा नंबर गेला, मग फोनचा. गणिताच्या बाईंचे आकडे आधी जावेत याचं मला फार वाईट वाटलं. पाढे मात्र राहिले. डॉक्टर म्हणाले, जुनं पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घरात काही हलवू नका. खाट आहे तिथे राहू दे, तांब्या आहे तिथे राहू दे. हाताला सवय असते, ती डोक्यापेक्षा जास्त टिकते. मी ते अक्षरशः पाळलं. रंग द्यायला माणसं आली तेव्हा कपाटसुद्धा सरकवू दिलं नाही. त्याच्यामागची भिंत अजून जुन्या रंगाची आहे.

सकाळचं फिरणं तिनं सोडलं नव्हतं. मी सोबत निघालो की चिडायची.

“मी काय पहिलीतली पोरगी आहे काय रे? तू आपलं पुस्तक वाच जा.”

म्हणून काही आठवडे मी अंतर ठेवून मागून जात राहिलो. ती कशी जाते आणि मुख्य म्हणजे कशी परत येते, ते मला बघायचं होतं. घरातून निघून ती गल्लीच्या तोंडाशी जाई. तिथे पिंपळ आणि कडुनिंब एकमेकांत वाढलेले होते आणि त्यांच्याभोवती दगडी कट्टा. कट्ट्यावर नागाचे दगड ओळीनं उभे. या गावात जुन्या वस्तीत असे कट्टे जागोजागी आहेत. बायका फेऱ्या घालतात, दूध ओततात, हळद लावतात. अक्का तिथून उद्यानाच्या बाजूला वळे, उद्यानाला बाहेरून वळसा घाले आणि पुन्हा कट्ट्यापाशी येई. ओळीत पुढे एक लहान दगड होता, फणा थोडा तुटलेला. त्याला ती दोन बोटं लावी, बोटं डोळ्यांना लावी आणि डावीकडे गल्लीत वळे. मग उघडं फाटक दिसेल तिथे आत. आमचं फाटक मी उघडंच ठेवत असे.

ती देवदेव करणारी नव्हती. तरुणपणी फेऱ्या घालणाऱ्या बायकांना ‘किती झाल्या, मोजल्या का?’ असं विचारून चिडवायची. त्या दगडाला हात लावायची सवय तिला केव्हा लागली, मला माहीत नाही. बहुधा रस्ता हरवतोय हे तिला आमच्याआधी कळलं असावं आणि तिनं आपल्यापुरती खूण करून ठेवली असावी.

हे पाहिल्यावर मी मागून जाणं थांबवलं. समोरच्या घरातल्या मामी त्या वेळेला दारात रांगोळी घालत असत, त्यांची नजर असे. परत येताना अक्काच्या चेहऱ्यावर बाहेर जाऊन काम उरकून आलेल्या माणसाचा भाव असायचा. दिवसभरात बाकी सगळं कुणीतरी तिच्यासाठी करायचं. अंघोळीचं पाणी, गोळ्या, साडीच्या निऱ्यासुद्धा. एकटीनं जाऊन एकटीनं परत येणं एवढं तिचं तिच्याकडे राहिलं होतं. मला ते काही करून टिकवायचं होतं.

कट्ट्याला लागून एक मंगल कार्यालय होतं. बरीच वर्षं ओस पडलेलं. एका वर्षी ते पाडलं आणि पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणावर हसणाऱ्या मुलामुलींची चित्रं होती. कुणाच्या हातात गिटार, कुणाच्या हातात कॉफीचा मग, एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी निवासी संकुल होणार होतं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली शेकडो मुलं तिथे राहणार, असं कळलं. आमच्या गल्लीत सगळी मिळून तेवढी माणसं नव्हती.

अध्यक्षांच्या गच्चीवर बैठक झाली. एरवी गणपतीच्या वर्गणीला न येणारेसुद्धा आले. पाण्याचं काय, हा पहिला प्रश्न. उन्हाळ्यात आमच्याच बोअरवेल आटत होत्या. त्यात एवढ्या मुलांच्या अंघोळी. गटारं तुंबतील, टँकर दिवसभर येतील, डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या उलट्या दिशेनं घुसतील, ऊन अडेल, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर सिगारेटची थोटकं पडतील. एक गृहस्थ म्हणाले, बॅचलर पोरं एकदा आली की वस्ती बिघडते. त्यांच्या स्वतःच्या घराचे वरचे मजले बॅचलर पोरांनाच भाड्यानं दिलेले होते. समोरच्या मामी शांतपणे म्हणाल्या, “आधी तुमच्या वरच्यांची बुलेट बंद करा. मग वस्तीचं बघू.” सगळे हसले. ते गृहस्थही हसले.

मी विद्यार्थ्यांविरुद्ध काही बोललो नाही. मी स्वतः या शहरात पहिल्यांदा राजाजीनगरला एका घराच्या मागच्या खोलीत राहिलो होतो, आणि ज्या घरमालकिणीनं मला ठेवून घेतलं तिचे शेजारीही तिला काहीबाही बोलले असणार. मला भीती एकाच गोष्टीची होती. नकाशात संकुलाचं फाटक आमच्या गल्लीत दाखवलं होतं. सकाळी कॉलेजच्या वेळेला त्यातून दुचाक्या सुटणार, आणि अक्का गल्लीच्या मधोमध चालते. तेवढं मी सांगितलं.

अध्यक्ष कानडीत म्हणाले, “सर, मिसचं माझ्यावर सोडा.”

संकुल बांधणाऱ्या कंपनीच्या वतीनं बोलायला एक तरुण इंजिनिअर येत असे. पुण्याचा. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. “काका, तुम्ही आपलेच निघालात. मग प्रॉब्लेमच नाही,” असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि मी आपला कसा नि कुणाचा हे गल्लीत चेष्टेचं झालं. तो आला की मामी मला हाक मारून सांगत, “तुमचे जावई आले हो.”

मुलगा वाईट नव्हता. त्याला हिंदीवर काम भागवावं लागे, कानडीत ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढंच येत होतं, आणि संघाच्या बैठकीतून तो घामाघूम होऊन बाहेर पडत असे. एकदा तो कट्ट्यावर बसला होता, शेजारी अक्का. मी फाटकातून पाहत होतो. अक्कानं त्याला विचारलं, “सतरा सत्ते?” त्यानं खिशातून फोन काढला.

“फोन ठेव. डोकं कशाला दिलंय?”

तो ओठ हलवत हिशेब करायला लागला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “एकशे एकोणीस.”

“बस आता,” अक्का म्हणाली. तो बसलेलाच होता. पण हसला नाही, नीट मांडी घालून बसला. तेव्हापासून मला तो आवडू लागला.

संघाच्या हरकती एकामागून एक फेटाळल्या जात होत्या. मजले कमी होणार नव्हते, पाण्याबद्दल कागदावर हमी मिळाली होती. मग एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या उंच इमारतीसाठी अग्निशमनाची गाडी बाजूनं आत यायला हवी, आणि गल्लीचं तोंड कट्ट्यामुळे अरुंद होतं. कट्टा काढल्याशिवाय गाडी वळत नव्हती. आणि नागाच्या दगडांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. कंपनीचे स्वतःचे मजूरसुद्धा नाही म्हणाले. अध्यक्षांना हुरूप आला. “आपला वकील कट्ट्यावर बसलाय,” असं ते म्हणायचे, “फी फक्त दूध.” काही महिने काम खरोखर रेंगाळलं. बायकांनी कट्ट्याला नवा रंग दिला, दर मंगळवारी आरती सुरू केली. ज्यांनी आयुष्यात कधी फेरी घातली नव्हती तेही संध्याकाळी तिथे येऊन उभे राहू लागले.

शेवटी इंजिनिअरच तोड घेऊन आला. कट्टा पाडायचा नाही, हलवायचा. पलीकडच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उद्यानाला लागून जागा होती. तिथे ग्रॅनाइटचा नवा कट्टा, वर छप्पर, दिवा, आणि सगळं विधीनं. त्या बदल्यात अध्यक्षांनी एकच गोष्ट मागितली. संकुलाचं फाटक मेन रोडला. आमच्या गल्लीत फक्त आगीच्या गाडीसाठी एक बंद दार. एकही दुचाकी, एकही टँकर, एकही डिलिव्हरीवाला गल्लीत येणार नाही. कंपनीनं ते मान्य केलं.

गच्चीवर जेव्हा हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. भटजींना विचारलं. मुहूर्तावर, शांती करून दगड हलवता येतात, असं ते म्हणाले. काही म्हाताऱ्या बायका रडल्या, पण त्यांनीही मान डोलावली. इतकं मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अध्यक्ष मला जिन्यात गाठून म्हणाले, “मिस आता हव्या तशा चालू देत. गल्ली त्यांचीच.” मी त्यांचा हात हातात घेतला. त्या माणसाला शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नसतील. त्या दिवशी त्यांचा चेहरा ते मिळाल्यासारखा होता.

झाडं आधी कापली. त्याची परवानगी निघाली होती. मग तो गुरुवार आला. अक्का नवी साडी नेसून नव्या जागी इतर बायकांबरोबर उभी होती. दगड बसवून झाल्यावर ओळीनं सगळ्या पुढे गेल्या. अक्कानं त्या लहान दगडाला दोन बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघा, मिसनी ओळखलं.” मलाही बरं वाटलं. आमच्यापैकी कुणाच्याही मनात दुसरा विचार आला नाही. डॉक्टरांनी घरातलं काही हलवू नका म्हणून सांगितलं होतं. घर कुठपर्यंत असतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

त्यानंतर रस्ता खणला होता, म्हणून काही दिवस मी अक्काबरोबर जात राहिलो. ती कुरकुरत माझा हात धरून आली. डांबर पडलं, रस्ता गुळगुळीत झाला. एके सकाळी ती चपला घालून एकटी निघाली. मी तिला जाऊ दिलं आणि चहा ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं याच्याकडून, थोडं त्याच्याकडून.

ती उद्यानाला वळसा घालून कट्ट्यापाशी आली. तिनं लहान दगडाला बोटं लावली आणि डावीकडे वळली. पलीकडची गल्ली आमच्या गल्लीसारखीच आहे. एकाच वेळी पाडलेले प्लॉट, तशीच बसकी घरं, तशीच नारळाची झाडं. एक फाटक उघडं होतं. ती आत गेली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली.

त्या घरात नागपूरचं एक जोडपं नुकतंच भाड्यानं आलं होतं. नवरा ऑफिसला गेला होता, बायको, अगदी तरुण मुलगी, घरातूनच काम करत होती. कानाला हेडफोन लावलेलाच, ती बाहेर आली. अक्कानं तिला विचारलं, “तू कोण गं? माझ्या घरात काय करतीस?” परक्या गावात दारात मराठी ऐकून ती मुलगी आधी चकित झाली, मग तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे. तिनं अक्काला पाणी दिलं. आजी, तुम्ही कुठे राहता, असं विचारलं. अक्का म्हणाली, “इथेच.” मुलीनं तिचा फोटो काढला आणि त्यांच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, या आजींना कुणी ओळखतं का म्हणून. त्या ग्रुपमध्ये अक्काला ओळखणारं कुणी नव्हतं. आमच्या गल्लीचा ग्रुप वेगळा. तिथे मी त्याच वेळेला लिहीत होतो, अक्का अजून आली नाही, कुणी पाहिली का. मामी रांगोळी अर्धी टाकून उठल्या, अध्यक्ष लुंगीवरच स्कूटर घेऊन निघाले. आमच्या दोन गल्ल्यांमध्ये एक घरांची रांग आहे, बाकी काही नाही.

मुलगी ऑफिसचा फोन आला म्हणून आत गेली आणि परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. ती मागाहून आमच्याकडे येऊन खूप रडली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

अक्का तिथून उठून तशीच पुढे चालत गेली असणार. हे घर तुमचं नाही, असं त्या मुलीनं तिला बोलता बोलता सांगितलं होतं. मेन रोडला ती बसमध्ये चढली. इथे बायकांना बसला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कंडक्टरला तिच्याशी बोलायचं फारसं कारण पडलं नसावं. नीट नेसलेली साडी, विंचरलेले केस, हातात काही नाही. कुणाकडे तरी निघालेली आजी वाटली असेल. माझ्या नंबरचं कार्ड तिच्या गळ्यात होतं, पण पदराखाली.

संध्याकाळी शहराच्या पार टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून फोन आला. उड्डाणपुलाखाली एका खांबाजवळ ती बसलेली सापडली होती. ऑफिसं सुटण्याची वेळ, माणसांचे लोंढे तिच्या अंगावरून जात होते. एका पोलिसाच्या ती नजरेस पडली. अध्यक्षांनी मला गाडीतून नेलं. चौकीत ती एका प्लास्टिकच्या खुर्चीवर होती, एका पायात चप्पल नव्हती. मला बघून ती उठली नाही.

“तम्मा,” ती म्हणाली, “कट्ट्यापाशी वळले रे मी. बरोबर वळले. मग घर का नव्हतं?”

तिनं ते तक्रार म्हणून विचारलं नाही. उत्तर चुकलेल्या मुलाची वही पाहताना ती विचारायची तसं विचारलं. कुठली पायरी चुकली ते तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अध्यक्षांना मराठी येत नाही. पण ‘कट्टा’ त्यांना कळलं, आणि तिनं हवेत हात नेऊन दोन बोटं डोळ्यांना लावून दाखवली, तेही कळलं. ते बाहेर गेले. परतताना गाडी मला चालवावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी फाटकाला कुलूप लावलं.

अध्यक्ष दोन दिवसांनी आले. अक्का झोपली होती. ते उभेच राहिले. “सर, फाटक मेन रोडला मीच मागितलं,” ते म्हणाले. “दुसरं काही मागितलं नाही. पाणी मागता आलं असतं. मजले मागता आले असते. मिससाठी फाटक मागितलं.”

“मला माहीत आहे,” मी म्हणालो.

“पाढ्यासारखं वाटलं मला ते. हे दिलं की ते मिळतं.”

मी त्यांना कॉफी दिली. ती त्यांनी उभ्याउभ्याच प्यायली.

पुण्याचा इंजिनिअर आला तो वेगळंच घेऊन. “काका, दगड परत आणता येतील का? रस्ता सोडून, भिंतीला लागून? मी वर बोलतो.” त्यानं खरंच विचारलं असावं. पण भटजी नाही म्हणाले. एकदा प्रतिष्ठापना झाली की नागाला पुन्हा पुन्हा उठवत नाहीत. शिवाय पलीकडच्या गल्लीतल्या बायका आता तिथे दिवा लावू लागल्या होत्या. त्यांच्याकडून कुठल्या तोंडानं मागायचं.

तेव्हा अध्यक्षांनी कुणाला न विचारता एक काम केलं. मूर्ती घडवणाऱ्याकडे जाऊन त्यांनी त्या लहान दगडाच्या मापाचा दगड करून घेतला, आणि त्याचा फणाही तसाच थोडा फोडायला लावला. तो कारागीर म्हणे तयार होईना. नवा नाग फोडायचा कसा. मग अध्यक्षांनी स्वतः छिन्नी घेतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला लागून, तो दगड त्यांनी उभा केला. मामींनी त्याला हळद लावली, जुन्यासारखा दिसावा म्हणून चांगली चोळून लावली.

आम्ही अक्काला घेऊन गेलो. एका बाजूला मी, मागे अध्यक्ष आणि मामी. ती दगडापाशी थांबली. मी तिचा हात सोडला. तिनं दगडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिनं पुन्हा माझा हात शोधला आणि घट्ट धरला. तिची बोटं थंड होती. खूण जागेवर आली होती, पण एकटीनं पुढे जायची तिची हिंमत त्या दिवशी पुलाखाली कधीतरी संपली होती. आम्ही घरी आलो. त्या दगडाला आता येणारेजाणारे हात लावतात. तो आमच्या कामाचा राहिला नाही.

काही दिवस ती सकाळी चपला घालून फाटकाशी उभी राहायची. गजाला धरून. ‘शाळेला उशीर होतोय’ म्हणायची. मी म्हणायचो, आज सुट्टी आहे. ‘कसली?’ असं ती विचारायची आणि मला रोज नवी सुट्टी शोधावी लागायची. मग तिनं विचारणं सोडलं. चपला दाराशीच राहू लागल्या. चालणं थांबल्यावर बाकीचं भराभर थांबत गेलं. बसणं, चमच्यानं खाणं, शेवटी पाढेही. एकदा मी मुद्दाम ‘सतरा सत्ते?’ विचारलं, तर ती माझ्याकडे बघून ओळखीच्या माणसाला बघून हसावं तशी हसली.

थंडीत ती गेली. शववाहिनी मेन रोडवरून वळून थेट आमच्या दारापर्यंत आली. आधीच्या अरुंद तोंडातून ती आली नसती. माणसांना गल्लीबाहेरपर्यंत खांदा द्यावा लागला असता. अध्यक्ष आणि त्यांच्या वर्गातले काही जण आले होते. मिसला नेताना ते सगळे एका ओळीत उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

संकुल आता भरलं आहे. ज्याची भीती होती त्यातलं थोडं झालं, पुष्कळसं झालं नाही. पाणी कमी पडतं, पण ते आधीही पडत होतं. थोटकं पडतात. आमच्या खिडकीतलं दुपारचं ऊन गेलं. मुलं चांगली आहेत. मेन रोडच्या फाटकातून येतात आणि जातात, आमच्या गल्लीत कुणी येत नाही. गल्ली इतकी शांत पूर्वी कधी नव्हती. कधी कधी एखादा मुलगा वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत मोठ्यानं काहीतरी पाठ करत असतो. काय ते इतक्या खालून कळत नाही.

समोरच्या मामींनी घर विकलं आणि त्या मुलाकडे गेल्या. अध्यक्षांनी पद सोडलं. त्यांची स्कूटर संध्याकाळी आमच्या दाराशी थांबते, ते आत येऊन थोडा वेळ बसतात, पेपर चाळतात.

आता या घरात मी एकटा राहतो. सकाळी फिरायला जातो आणि परत येतो.